टेलिंग बांधाच्या पायथ्याशी दर पावसाळ्यात परत येणारी ओल

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. "गेल्या वर्षी मुरूम टाकून बंद केली होती, जुलैत तिथंच परत ओल आली. पाणी थोडंच आहे. काय करावं?" खाण लोखंडाची असो, तांब्याची असो, नाहीतर औष्णिक वीजकेंद्राचा राखेचा बंधारा असो, प्रश्न तोच असतो. मिळणारं उत्तरही बहुतेक वेळा तेच असतं: आणखी चार टिपर मुरूम टाका आणि वरून रोलर फिरवा.

हे उत्तर मी स्वतः तीन वर्षं दिलं आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या टेलिंग पाँडची, म्हणजे खनिज धुतल्यावर उरणाऱ्या गाळाच्या तळ्याची, देखरेख माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी पायथ्याजवळ चटईएवढा ओला डाग दिसला. चिकण लाल माती आणून दाबली, डाग गेला. दुसऱ्या वर्षी तो थोडा डावीकडे सरकून आला, पुन्हा माती टाकली. तिसऱ्या वर्षी जरा जास्त टाकली. चौथ्या पावसाळ्यात पायथा ठणठणीत कोरडा होता आणि ओल थेट उतारावर, पायथ्यापासून दोन पुरुष उंचीवर आली होती. तिथलं गवत आजूबाजूपेक्षा हिरवंगार होतं आणि पाय ठेवला की बूट रुतत होता. त्या दिवशी लक्षात आलं की आम्ही पाणी अडवलेलं नव्हतं, ते बांधाच्या पोटात वर चढवलं होतं. ज्यांच्याकडे आज टिपर तयार उभा आहे त्यांनी तो रिकामा करण्याआधी एवढं वाचावं म्हणून लिहितोय.

पोटात काय चाललंय

खनिज दळून-धुऊन झालं की पाण्यासकट जो बारीक गाळ उरतो, ते टेलिंग. पाइपातून तो बांधाच्या मागे सोडतात. पाइपाच्या तोंडाशी जाड कण आधी बसतात आणि त्यांचा उतरता किनारा तयार होतो. साइटवर सगळे त्याला बीचच म्हणतात. चिकट, बारीक गाळ पाण्याबरोबर लांब जातो आणि तळ्याच्या तळाशी बसतो. तळं बांधापासून जितकं लांब आणि बीच जितका रुंद, तितकी बांधातली पाण्याची रेषा खाली राहते. या रेषेला फ्रिॲटिक लाइन म्हणतात. तिच्याखालचे सगळे कण पाण्यात बुडालेले असतात. बांध उभा राहतो तो एका कणाने दुसऱ्याला दिलेल्या टेकूवर, आणि कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की हा टेकू तेवढा हलका होतो.

उतारावर जिथे ओल दिसते, तिथे ही रेषा बाहेर डोकावत असते. म्हणजे पोटात पाणी किती उंचीवर आहे हे ती जागा तुम्हाला फुकटात दाखवते. तिच्यावर चिकणमाती दाबणं म्हणजे प्रेशर गेजच्या काचेवर रंग फासण्यासारखं आहे. शिवाय गेजवर रंग फासल्याने दाब वाढत तरी नाही. इथे तो वाढतो, कारण बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यावर पाणी मागे साठतं आणि रेषा वर सरकते.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. २५ जानेवारी २०१९ ला दुपारी वाले कंपनीच्या कोर्रेगो दो फेजाँव खाणीचा बांध क्रमांक १ कोसळला. ८६ मीटर उंचीचा हा बांध १९७६ पासून टप्प्याटप्प्याने, आधीच्याच गाळावर पुढचा टप्पा चढवत वाढवलेला होता. त्यात गाळ टाकणं २०१६ मध्येच थांबलं होतं. तरीही पाच मिनिटांच्या आत सुमारे ९७ लाख घनमीटर गाळ बाहेर आला आणि २७० माणसं गेली. कामगारांचं जेवणघर आणि कार्यालयं बांधाच्या खालच्या अंगालाच होती आणि भोंगे वाजले नाहीत. तज्ज्ञांच्या समितीने जी कारणं दिली, त्यांत एक असं होतं की बांधाच्या आत पुरेसे निचरे नव्हते आणि त्यामुळे पाण्याची पातळी, विशेषतः पायथ्याच्या बाजूला, सतत उंच राहिली. कोसळण्याआधी बांध सरकत असल्याची ठळक खूण उपकरणांवर दिसली नव्हती. सैल आणि पाण्याने भरलेला गाळ एका क्षणी आपली ताकद टाकतो आणि दाट पाण्यासारखा वाहू लागतो. म्हणूनच "बांध हललेला नाही, काळजी नको" हे वाक्य टेलिंगच्या बाबतीत मला कधीच पुरेसं वाटत नाही.

पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे. ते पाणी होतं, आलं आणि ओसरलं. टेलिंग ओसरत नाही. ते शेतात, विहिरीत, नदीच्या तळाशी बसून राहतं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्याच फुंदाँव बांधाचा गाळ दोसी नदीतून ६०० किलोमीटरहून अधिक वाहत जाऊन अटलांटिकला पोचला. त्यात १९ माणसं गेली आणि बेंतो रोद्रिगेस हे गाव गाडलं गेलं. त्या बांधाच्या डाव्या बाजूला २०१३ पासूनच वेगवेगळ्या उंचीवर पाझर दिसू लागले होते. हे वाचल्यावर मला आमचा दोन पुरुष उंचीवरचा डाग आठवला होता.

बाटलीत काय बसतं ते पाहा

आता तपासणी. साधी, पारदर्शक, लिटरभराची बाटली घ्या. पाणी जिथे बाहेर येतं अगदी तिथूनच भरा. खालच्या ओघळातून भरलं तर पावसाने वाहून आणलेली माती मिसळते आणि निष्कर्ष चुकतो. बाटलीवर तारीख-वेळ लिहून ती रात्रभर हलवू नका.

सकाळी पाणी स्वच्छ आणि तळ कोरा असेल, तर पाणी कण सोबत आणत नाहीये. तळाशी बारीक थर बसला असेल, किंवा पाणी गढूळच राहिलं असेल (लोखंडाच्या खाणीतला चिकट गाळ दिवसदिवस खाली बसत नाही), तर पाणी आतून माती खात येतंय. अशी पोकळी बाहेरून आत वाढत जाते. आपल्याकडे धरणांवर याला पायपिंगच म्हणतात. गढूळ पाझर दिसला की पुढचं सगळं सोडून थेट खाली धोक्याच्या खुणांकडे जा.

लोहखनिजाच्या खाणीवर तिसरी एक गोष्ट हमखास फसवते. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, पण जिथे बाहेर येतं तिथे नारिंगी, बुळबुळीत, जेलीसारखा थर साचलेला असतो आणि पाण्यावर तेलकट तवंग दिसतो. नवा माणूस म्हणतो डिझेल सांडलंय, नाहीतर माती वाहून येतेय. तवंगाला काडीने हलवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले तर ते तेल नाही. तेल असतं तर पुन्हा एकत्र झालं असतं. आतल्या पाण्यात विरघळलेलं लोह हवेला भेटतं आणि त्यावर जगणारे जिवाणू त्याचा हा नारिंगी साका तयार करतात. माती वाहून जात नाहीये हे खरं, पण निश्चिंत होऊ नका. हाच साका निचऱ्याची वाळू, जिओटेक्स्टाइल (गाळणीचं कापड) आणि छिद्रांचे पाइप आतून बुजवतो. ज्या बांधाचा पाझर "आपोआप बरा" झाला असं सांगतात, तिथे मी सर्वांत आधी नारिंगी साका शोधतो.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

"थोडंच पाणी आहे" हे मोजमाप नाही. पाझर एका चरात गोळा करा आणि चराच्या तोंडाशी पत्र्याचा ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच असलेला पत्रा, बसवा. पत्र्याच्या थोडं मागे, जिथे पाणी संथ आहे, तिथे उंची मोजायची. नॉचच्या टोकापासून पाणी ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जातंय. १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींनी वाढतं, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. नॉच बसवेपर्यंत बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल. चराच्या वरच्या बाजूला छोटी वरंबी घाला, नाहीतर उतारावरून येणारं पावसाचं पाणी त्यात मिसळेल आणि तुम्ही पाऊसच मोजत बसाल.

मग तीन आकडे रोज एकाच कागदावर लिहा: पाऊस, तळ्याची पातळी आणि नॉचची उंची. महिनाभरात कागद बोलू लागतो. पाऊस पडल्यावर दोन-चार तासांत पाझर वाढून लगेच उतरत असेल, तर पाणी वरवरचं आहे: उतारावरची भेग, घुशीचं बीळ, बांध आणि डोंगर जिथे भेटतात तिथली फट. पाझर तळ्याच्या पातळीमागून काही दिवसांनी, संथपणे वाढत-उतरत असेल, तर पाणी बांधाच्या अंगातून येतंय. आणि मे महिन्यात तळं जवळजवळ रिकामं असतानाही पाणी तितकंच येत असेल, तर त्याचा उगम बांधाच्या खाली आहे.

ही तिसरी शक्यता कोकण-गोव्यात विसरून चालत नाही, कारण जांभ्या दगडाच्या डोंगराला जागोजागी झरे असतात आणि बांध घालायला सोयीची दरी म्हणजे बहुधा झऱ्याचीच दरी. आमच्या साइटवर नकाशात काही नव्हतं. बांधाखालच्या शेतात नाचणी लावणारी एक म्हातारी बाई मात्र सहज म्हणाली, "हांगा पयलीं झर आशिल्ली, पुता." तिच्या लहानपणी त्या जागी गावातल्या बायका पाणी भरत. पाझराच्या पाण्याचं तापमान सकाळ-दुपार-रात्र मोजलं तर काटा हलत नव्हता, आणि तळ्याचं पाणी दुपारी चांगलंच कोमट व्हायचं. म्हणजे आमच्या पाण्यात झऱ्याचाही वाटा होता. वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरला आणि १४४ जण गेले. त्यांत ११६ मुलं होती. तो ढिगारा झऱ्यांवरच रचलेला होता आणि गावातल्या लोकांना ते ठाऊक होतं. त्या म्हातारीला भेटल्यापासून माझा नियम आहे: नवीन साइटवर पहिल्या आठवड्यात गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला भेटायचं.

ओल नेमकी कुठे आहे

पायथ्याशी, खडकाच्या भरावातून, स्वच्छ आणि स्थिर पाणी येत असेल तर बांध आपलं काम करतोय. उताराच्या मधोमध ओल असेल तर पाण्याची रेषा जिथे नको तिथे पोचली आहे. प्रमाण कमी असलं तरी हे पायथ्याच्या मोठ्या पाझरापेक्षा गंभीर. बांध आणि डोंगराच्या सांध्यावर असेल तर तिथलं दाबकाम कमी पडलेलं असतं, रोलर कडेपर्यंत पोचत नाही.

आणि बांधाच्या पोटातून जाणाऱ्या निकास पाइपाच्या कडेने पाणी येत असेल, तर कृपया त्याला ओल म्हणू नका. इटलीतल्या स्तावा गावाच्या वर फ्लोराइटच्या खाणीचे दोन बांध एकाखाली एक होते. १९८५ च्या जानेवारीत वरच्या बांधाचा एक भाग घसरला; निकास पाइपाजवळ गळती होती. नंतर उन्हाळ्यात खालच्या तळ्यात पाइप खचल्याने खड्डा पडला. दोन्ही ठिकाणी डागडुजी झाली, तळी पुन्हा भरली गेली. नेहमीचं काम सुरू होऊन चार दिवस झाले आणि १९ जुलैला दुपारी वरचा बांध कोसळून खालच्यावर आला. २६८ माणसं गेली. दोन्ही वेळा त्रास पाइपाशी होता आणि दोन्ही वेळा दुरुस्ती तेवढ्या जागेपुरती झाली. बांधाच्या पोटात पाणी का इतकं आहे, हा प्रश्न मागे राहिला.

पिझोमीटर जिवंत आहे का

पिझोमीटर म्हणजे बांधाच्या पोटातल्या पाण्याची पातळी मोजायचं साधन. आमच्या रजिस्टरमध्ये एका पिझोमीटरचं वाचन सलग अकरा महिने सेंटिमीटरपर्यंत सारखं होतं. जून आणि जानेवारीत पाणी एकाच उंचीवर राहूच शकत नाही. पाइप गाळाने भरला होता आणि दोरी गाळावर टेकली की मुलगा आकडा लिहायचा. त्याचा दोष नव्हता. काय मोजतोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खाली सही माझी होती.

साध्या उभ्या पाइपाचा पिझोमीटर तपासायला बादलीभर पाणी पुरतं. आधी पातळी मोजा, पाणी ओता, मग पातळी किती वेळात मूळ जागी येते ते पाहा. बारीक गाळात तास-दोन तास, कधी दिवसही लागेल, पण ती उतरली पाहिजे. जिथली तिथे राहिली तर पिझोमीटर मेला आहे. पाइपाची एकूण खोलीही दरवर्षी मोजा, गाळ साचला असेल तर ती कमी भरते.

आता सगळ्यांत महत्त्वाची जोडी. नॉचवरचं पाणी कमी होतंय आणि त्याच वेळी पिझोमीटर चढतोय, हे दिसलं की निचरा बुजतोय. बाहेरून बांध सुकत चाललेला दिसतो आणि आत तो भरत असतो. पाझर आटला म्हणून वरिष्ठांना कळवण्याआधी पिझोमीटरचा कागद काढून बघा. दोन्ही एकत्र उतरत असतील तरच ती चांगली बातमी.

उपाय, आणि आधी काय करू नये

ओलीवर चिकणमाती, प्लास्टिक, सिमेंटचा थर, काहीही घालू नका. पायथ्याशी चर खणून "निचरा मोकळा" करायचा मोह पावसाळ्यात टाळा. पायथा हा बांधाचा टेकू आहे आणि तिथली माती काढणं म्हणजे भिंतीखालची वीट काढणं. ओल्या पायथ्यावर कंप देणारा रोलर फिरवू नका, सैल भिजलेल्या गाळाला तो हादरा नको असतो. माथ्यावर घाईघाईने भराव चढवू नका.

तातडीचा उपाय आहे उलटी गाळणी, म्हणजे इन्व्हर्टेड फिल्टर. पाणी जाऊ द्यायचं, कण अडवायचे आणि वरून वजन द्यायचं. ओलीवर आधी धुतलेली वाळू किंवा क्रश सँड, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि शेवटी दगड. वाळू कुठलीही चालत नाही. वाळूचा १५ टक्के भाग ज्या मापाच्या चाळणीतून जातो ते माप, मागच्या मातीचा ८५ टक्के भाग ज्यातून जातो त्या मापाच्या चार-पाच पटींहून मोठं नको, नाहीतर कण निसटतील. आणि मागच्या मातीचा १५ टक्के भाग ज्यातून जातो त्याच्या चार-पाच पटींहून लहानही नको, नाहीतर पाणी अडेल. मृदायांत्रिकीचे जनक कार्ल टेरझागी यांच्यापासून चालत आलेला हा नियम आहे. धूळ, म्हणजे ७५ मायक्रॉनखालचा भाग, ५ टक्क्यांच्या आत ठेवा. पुरवठादार सांगेल म्हणून नव्हे, स्वतः चाळणी लावून. जिओटेक्स्टाइल पसरून झटपट काम होतं हे खरं, पण जिथे नारिंगी साका आहे तिथे मी ते वापरत नाही, ते एक-दोन मोसमांत गच्च होतं.

पण गाळणीने ओल सुरक्षित होते, कमी होत नाही. ती कमी करायची तर तळं मागे ढकलावं लागतं आणि बहुतेक साइटवर खरं काम इथेच अडलेलं असतं. हिशोब करून बघा. तळ्याकडे ४० हेक्टरचं पाणी उतरतंय आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ८०,००० घनमीटर पाणी पडलं. चौथा हिस्सा मुरला असं धरलं तरी ६०,००० घनमीटर तळ्यात येणार. तळं पाच हेक्टरचं असेल तर पातळी १.२ मीटरने वर. सांडव्याची किंवा पंपाची तजवीज नसेल तर एका रात्रीत पाणी बीच गिळून बांधाला टेकतं. आता डोंगराच्या कडेने गारलँड ड्रेन काढून ३० हेक्टरचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं तर हाच पाऊस पातळी जेमतेम ३० सेंटिमीटरने वाढवतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात या एका चरासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. तरी मे महिन्यात तो कुणी साफ करत नाही, आणि दरड पडून बुजलेला गारलँड ड्रेन सगळं पाणी सरळ तळ्यात सोडतो.

त्यानंतर तळ्यातलं वरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या निकास टॉवरच्या फळ्या काढून किंवा तराफ्यावरच्या पंपाने पातळी हळूहळू उतरवा. गाळ सोडायचे पाइप बांधाच्या बाजूला ठेवा, म्हणजे बीच तिथे वाढेल आणि तळं लांब जाईल. दक्षिण आफ्रिकेतल्या मेरीस्प्रुइटला उलटं झालं होतं. तळं बांधाच्या कडेला येऊन टेकलं होतं, वापर थांबवलेल्या कप्प्यात पाणी सोडणं चालूच होतं, आणि २२ फेब्रुवारी १९९४ च्या संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस आला. पाणी माथ्यावरून गेलं, सहा लाख घनमीटर गाळ वस्तीत शिरला, १७ जण गेले. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राख कोलार-कन्हानच्या पाण्यापर्यंत गेली. राख वेगळी, लोहाचा गाळ वेगळा. तळ्याची पातळी, पाण्यापासून माथ्यापर्यंत मोकळी ठेवलेली उंची आणि पाण्याला दिलेली वाट हे सगळीकडे सारखंच बघावं लागतं.

उतारावर ओल असेल आणि स्थैर्याच्या गणितात सुरक्षेची शिल्लक कमी पडत असेल, तर पायथ्याला दगडी भरावाचा टेकू द्यावा लागतो, त्याखाली गाळणीचा थर घालूनच. हे काम कोरड्या हंगामात आणि भूतंत्र अभियंत्याच्या आखणीनेच व्हावं. मुकादम आणि मी मिळून ठरवायची ही गोष्ट नाही, आणि आधीच्या तीन वर्षांत आम्ही नेमकं तेच करत होतो.

तपासणी थांबवून माणसं हलवायच्या खुणा

पाझर अचानक गढूळ झाला किंवा तासागणिक वाढतोय. पायथ्याच्या पुढची जमीन फुगतेय किंवा वाळू उकळ्या मारत वर येतेय. माथ्यावर लांबीने भेग पडली. बीचवर किंवा माथ्यावर खड्डा पडला. तळ्यात भोवरा दिसतोय, किंवा पाऊस चालू असताना पातळी उतरतेय. पिझोमीटर एका दिवसात उसळला. यातलं एकही दिसलं तर तळ्यात गाळ-पाणी सोडणं, माथ्यावरची यंत्रं, खालची माणसं, सगळं आधी थांबवा आणि हलवा. पंचायत, मामलेदार, खालच्या वाडीतले दोन-तीन फोन, सगळे नंबर कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असू द्या. साहेबांची परवानगी मिळेपर्यंत थांबण्याची सवय खाणीवर फार खोल रुजली आहे. ती या एका बाबतीत मोडावी लागेल, आणि तसं लेखी अधिकारपत्र पाळीच्या फोरमनकडे आधीच असायला हवं.

बंद खाणींवरचे बांध

गोव्यात २०१२ मध्ये आणि नंतर मार्च २०१८ मध्ये खाणकाम थांबलं. धुलाई थांबली, पण पाऊस थांबला नाही. पंप ऑपरेटर घरी गेला, गारलँड ड्रेनमध्ये झुडपं वाढली, पिझोमीटरची टोपणं गेली. ब्रुमाजिन्योचा बांधही अडीच वर्षं बंदच होता. गाळ येत नाही म्हणजे धोका नाही असं मानणाऱ्यांना मी पावसाळ्यात एकदा बंद पाँडच्या पायथ्याशी घेऊन जातो आणि नुसतं पाणी दाखवतो. खालच्या भाताच्या खाचरांत आणि कुळागरांत राबणारी माणसं रोज तेच पाणी बघतात. खाण चालू नसली तरी पाऊस, तळं आणि नॉच हे तीन आकडे कुणीतरी लिहिलेच पाहिजेत. कोणत्या कार्यालयाने, कोणाच्या पैशाने, हा वाद चालू द्या. तोवर गावातल्या दहावी झालेल्या मुलाला मोजपट्टी आणि वही देणं आजही शक्य आहे.

आमच्या बांधाचं पुढे असं झालं. चौथ्या पावसाळ्यात उतारावरच्या ओलीवर उलटी गाळणी घातली आणि तराफ्यावर दुसरा पंप बसवून तळं उतरवलं. दाबलेल्या चिकणमातीला तेव्हा हात लावला नाही. जानेवारीत पाण्याची रेषा खाली गेल्यावर अभियंत्याच्या आखणीप्रमाणे ती तीन-तीन मीटरच्या पट्ट्यांत काढली. एक पट्टा काढून तिथे गाळणी आणि दगड भरल्याशिवाय पुढच्या पट्ट्याला फावडं लावलं नाही. जुन्या झऱ्याला वेगळा चर काढून दिला. त्यानंतरच्या जुलैत पायथ्याशी पुन्हा पाणी आलं. बाटलीचा तळ कोरा होता, नॉचवर चार सेंटिमीटर, आणि उतारावरचा पिझोमीटर आदल्या वर्षीपेक्षा दीड मीटर खाली.